चॅपल म्हणजे छोटं चर्च नव्हे

माझी पुतणी इंग्लंडमध्ये शिकते. गेल्या वर्षी पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, वारले. तिची परीक्षा तोंडावर आलेली, येणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती आईला सहज बोलून गेली, "काल संध्याकाळभर कॉलेजच्या चॅपलमध्ये बसले होते." वहिनी दचकल्या. "चर्चमा कसाले गयथी व तू?" दिवस मावळायच्या आत गल्लीत कुजबुज सुरू झाली, पोरगी बाटली की काय. आधीच दुःखाचं घर, त्यात हा नवा घोर.

वहिनींना मी तेव्हा जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. खान्देशातली किती तरी पोरं आता बाहेरदेशी शिकायला जातात आणि हा गोंधळ बऱ्याच घरांत होत असणार.

आधी चर्च. आपले मराठी ख्रिस्ती बांधव चर्चला 'मंडळी' म्हणतात. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. नवापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना विचारा, म्हणजे कळेल की चर्च म्हणजे आधी माणसं, इमारत त्यानंतर. त्या मंडळीचा एक पाळक असतो, वर्गणी असते, बाप्तिस्मा, लग्न आणि मरणाच्या नोंदवह्या असतात. इंग्लंडात तर तिथल्या अधिकृत पंथाच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, गावोगावच्या चर्चला गावाच्या शिवेसारखी हद्द ठरलेली असते. तिला पॅरिश म्हणतात. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक जण त्या चर्चचा.

चॅपलचं मूळच वेगळं. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन शिपायाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. तो मार्टिन पुढे संत म्हणून पुजला गेला आणि त्याचा झगा फ्रँक राजांनी जपून ठेवला. लढाईला निघताना तो बरोबर न्यायचे. लॅटिनमध्ये छोट्या झग्याला 'कापेल्ला'. तो जिथे ठेवत ती जागा चॅपल झाली आणि त्याची राखण करणारे ते चॅप्लेन. म्हणजे चॅपल पहिल्यापासून एका घराण्याचं, एका छावणीचं. गावाशी, हद्दीशी त्याचं नातं नाही. म्हणूनच राजवाडा, इस्पितळ, तुरुंग, कॉलेज, जिथे माणसं एका छपराखाली राहतात तिथे चॅपल सापडतं.

वहिनींना मी कानबाईचं, आपल्या खान्देशात घरोघरी बसणाऱ्या देवीचं, उदाहरण दिलं. ग्रामदैवत अख्ख्या गावाचं. त्याची यात्रा भरते, वर्गणी निघते. कानबाई मात्र नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते, भाऊबंद गोळा होतात आणि प्रसादाचे रोट कुळातच खाल्ले जातात. ग्रामदैवत शिवेला बांधलेलं, कानबाई कुळाला. तसं चर्च हद्दीला बांधलेलं आणि चॅपल घराला, म्हणजे इथे कॉलेजला. हे त्यांना चटकन पटलं. एका ठिकाणी मात्र ही तुलना तुटते आणि मला तीच जागा मोलाची वाटते. कानबाईचे रोट परक्याला देत नाहीत. आजच्या विद्यापीठांतल्या चॅपलचं दार कुठल्याही धर्माच्या, कुठलाच धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यालाही उघडं असतं. तो त्या घरात राहतो, एवढं पुरतं.

व्यवहारात फरक असा. चॅप्लेनला, म्हणजे चॅपलच्या धर्मगुरूला, कॉलेज नेमतं, त्याची मंडळी दर तीन-चार वर्षांनी पूर्ण बदलते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेज चॅपलमध्ये लग्न लावायचं तर बहुधा कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागतो. पॅरिश चर्चमध्ये तो लागत नाही. आकारावर मात्र काहीच ठरत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं चॅपल १४४६ साली बांधायला घेतलं, ते कुठल्याही गावच्या चर्चला झाकून टाकेल एवढं मोठं आहे.

घोटाळा व्हावा अशा जागाही आहेत. ऑक्सफर्डमधलं क्राइस्ट चर्च हे एकाच वेळी कॉलेजचं चॅपल आणि बिशपचं कॅथेड्रल आहे. तिथलंच सेंट मेरी हे पॅरिश चर्च आणि विद्यापीठाचंही चर्च. पदवीदानाचे सोहळे पूर्वी याच सेंट मेरीत होत, १६६९ मध्ये शेल्डोनियन थिएटर उभं राहिल्यावर ते तिकडे गेले.

आणि आपल्याकडचा घोटाळा तर मुंबईतच उभा आहे. राजाबाई टॉवरशेजारचं मुंबई विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह पाहून पहिल्यांदा गेलेला माणूस त्याला चर्चच म्हणतो. १८७४ साली पूर्ण झालेल्या या इमारतीचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचं चॅपलही त्याचंच. पण सभागृहाची मोठी गोल रंगीत काच नीट पाहा, तिच्याभोवती बारा राशी आहेत. इथे कधी उपासना झाली नाही, पदव्याच वाटल्या गेल्या. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये निघेपर्यंत खान्देशातली मुलंही याच मुंबई विद्यापीठाची पदवी घेत.

आता कोणी विचारेल, विद्यापीठात धर्माची जागा हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण चॅपलचा मागचा हिशोब सगळा चांगला नाही. चॅपलला हजेरी सक्तीची असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅममधल्या पदव्या-पदांसाठीच्या धर्माच्या अटी बहुतांशी उठल्या त्या १८७१ च्या कायद्याने. अमेरिकेत हार्वर्डने सक्तीची प्रार्थना १८८६ मध्ये बंद केली. माझ्या मते सक्ती गेली तेव्हाच चॅपल खऱ्या अर्थाने विद्यार्थ्यांचं झालं. हाकलून बसवलेल्या जागेत माणूस मोकळा होत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये, म्हणजे यंत्र आणि गणिताच्या माहेरघरात, १९५५ साली ईरो सारिननने बांधलेलं चॅपल कुठल्याच एका पंथाचं नाही. विटांची एक गोल भिंत, बाहेरून पाहावं तर एक खिडकी दिसत नाही. भोवती पाण्याचा उथळ खंदक. पाण्यावर पडलेलं ऊन खालून आत शिरतं आणि भिंतींवर हलत राहतं. वर छताला एक गोल झरोका, त्याचा उजेड थेट पांढऱ्या संगमरवरी ठोकळ्यावर, आणि मध्ये तारांना लोंबकळणारे धातूचे तुकडे चमकत असतात. त्याचे फोटो पाहिले तेव्हा मला आमच्या मळ्यातली विटांनी बांधलेली गोल विहीर आठवली. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरून खाली बसलं की पाण्याचा उजेड भिंतीवर असाच हलायचा, आणि वरचं जग वरच राहायचं.

चॅप्लेनचं काम काय, हे खान्देशाला तरी परकं वाटू नये. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत. मुलांच्या अंथरुणाच्या घड्या घालणारे, त्यांच्या खोल्या झाडणारे गुरुजी जुन्या पिढीच्या तोंडून आपण ऐकलेत. मुलगा रात्री रडला तर कोणाकडे जाईल, याचं उत्तर त्या छात्रालयात होतं. चांगला चॅप्लेन नेमकं तेच उत्तर असतो. तो मार्क देत नाही, फी मागत नाही, हजेरी घेत नाही.

मी शिकलो त्या वसतिगृहात हे उत्तर नव्हतं. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला माझा एक खोलीभाऊ होता. त्याची धाकटी बहीण गेल्याचा निरोप आला तेव्हा शेवटची एसटी निघून गेली होती. खोलीत आम्ही चौघं, दोघं मोठ्याने पाठांतर करणारे. तो गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसला. रखवालदार आला आणि 'गच्चीवर बसायला बंदी आहे' म्हणून त्याला उठवलं. मग तो मोरीत नळ सोडून रडला, आवाज येऊ नये म्हणून. त्या रखवालदाराचा मला राग नाही, त्याने नियम पाळला. पण हजारभर मुलांच्या त्या आवारात एका मुलाला तासभर रडायला जागा नव्हती, हे मी विसरू शकत नाही.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, आणि ते योग्यच आहे. पण शांत बसायची एक खोली म्हणजे धार्मिक शिक्षण नाही. जळगावला आपलं विद्यापीठ १९९० मध्ये झालं ते धुळे-नंदुरबारच्या पोरांना घराजवळ शिकता यावं म्हणून. तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला जळगावही परदेशच. आपल्या प्रत्येक कॉलेजात अशी एक खोली आणि तिथे बसणारं एक जाणतं माणूस असावं, असं मी मनापासून म्हणतो. तिला चॅपल म्हणायची गरज नाही, आपल्याकडे नावांना तोटा नाही.

वहिनी हे सगळं ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी पोरीला पुन्हा फोन लावला आणि एवढंच विचारलं, "तठे दिवा लावू देतस का?" पुतणी म्हणाली, देतात. तिने मेणबत्ती लावली होती. दाराजवळच्या वहीत आजोबांचं नावही लिहिलं होतं. त्या वहीतली नावं संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचतात, म्हणून चॅप्लेनबाई तिला शोधत आल्या आणि नाव नीट कसं उच्चारायचं ते त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.