इझडिजिट की ट्राय-एक्सेप्ट?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत टाइप केलेलं वाचणारं इनपुट (input) फंक्शन नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांची माळच देतं. समोरच्याने वय म्हणून १८ टाइप केलं, तरी आपल्या हाती येतात दोन अक्षरं. त्यात १ मिळवायला गेलात की टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक. म्हणून स्ट्रिंगची पूर्ण संख्या करणारं इंट (int) लावायचं. पण कोणी ‘अठरा’ लिहिलं की व्हॅल्यूएरर, म्हणजे किंमत चालत नसल्याची चूक, येऊन प्रोग्राम बंद. यावर नवशिके दोन उपाय करतात. काही जण आधी इझडिजिटने (isdigit) सगळे अंकच आहेत का ते तपासतात आणि होकार मिळाला तरच इंट करतात. काही जण ट्रायमध्ये (try) थेट इंट करून बघतात आणि व्हॅल्यूएरर आला तर एक्सेप्टमध्ये (except) पकडतात.

दोन्ही एकच काम करतात असं वाटतं, कारण १८ आणि ‘अठरा’ यांवर दोघांचं उत्तर जुळतं. गंमत पुढे आहे. लडाखमधल्या द्रासचं हिवाळ्यातलं तापमान, समजा उणे १५, टाइप करून बघा. इझडिजिट नकार देतं, कारण वजाचं चिन्ह म्हणजे अंक नव्हे. इंटला त्याचं काहीच वावडं नाही. आकड्यानंतर चुकून स्पेस पडली तरी तसंच: इंट कडेची मोकळी जागा स्वतःच काढून टाकतं, इझडिजिट तिथेच अडतं. आणि उलटही होतं. चौरस मीटर लिहिताना डोक्यावर बसतो तो छोटा २ इझडिजिटला चालतो, इंटला नाही! म्हणजे ‘आधी तपासलंय, आता भीती नाही’ म्हणणाऱ्याचाही प्रोग्राम पडू शकतो. देवनागरी १८ मात्र दोघांनाही चालतं. इंट त्याची सरळ अठरा ही संख्या करून देतं.

इझडिजिट स्ट्रिंगमधलं एकेक अक्षर बघून विचारतं, हा अंक आहे का? या स्ट्रिंगची मिळून पूर्ण संख्या होते का, हे फक्त इंटच सांगू शकतं. त्यामुळे वय, मार्क, तापमान असं ज्याचं पुढे गणित करायचं आहे, तिथे माझं मत सरळ ट्राय-एक्सेप्टच्या बाजूने आहे. ३.५ सारखी किंमत येणार असेल तर इंटऐवजी दशांश संख्या करणारं फ्लोट (float), बाकी सांगाडा तोच. वय उणे पाच आलं तर ते इंटमधून बिनतक्रार पुढे जाईल, तेव्हा मर्यादेची अट वेगळी घालायचीच.

एक खोड मात्र मोडा: नुसतं एक्सेप्ट लिहिणं. त्यापुढे व्हॅल्यूएरर हे नाव हवंच. व्हाइल ट्रूच्या (while True) न थांबणाऱ्या लूपमध्ये उघडं एक्सेप्ट ठेवलंत तर ते प्रोग्राम थांबवायची कंट्रोल-सी ही कळसुद्धा गिळतं. वैतागलेला माणूस बाहेर पडायला बघतो आणि प्रोग्राम पुन्हा विचारतो, ‘वय सांगा’.

मग इझडिजिट कुठे वापरायचं? पिनकोड, मोबाइल नंबर, बँकेचा खाते क्रमांक. यांची कोणी बेरीज करत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर इंट ते उडवतं, आणि क्रमांकच बदलतो. हे स्ट्रिंग म्हणूनच ठेवावेत. पिनकोडसाठी लांबी ६ आहे का आणि सगळे अंक आहेत का, एवढं बघायचं, सोबत फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं चालवून घेणारं इझअॅस्की (isascii) जोडलं (पायथॉन ३.७ पासून आहे) की देवनागरी अंक आणि तो छोटा २ दोन्ही बाहेर राहतात. मराठी कीबोर्डवरून टाइप करणाऱ्यांना अडवायचं नसेल, तर त्याऐवजी इझडेसिमल (isdecimal) लावा. ते देवनागरी अंक घेतं आणि छोटा २ नाकारतं.