फागरहोल्म, कार्ल-आउगुस्ट

(३१ डिसेंबर १९०१–२२ मे १९८४). फिनलंडचे समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते व तीन वेळा पंतप्रधान. स्वीडिश भाषक अल्पसंख्य समाजात सिउंतिओ येथे जन्म. प्रारंभी ते न्हाव्याचा व्यवसाय करीत. त्या कामगारांच्या संघटनेतून व पुढे पत्रकारितेतून ते राजकारणात आले आणि १९३० पासून १९६६ पर्यंत संसदेचे सदस्य राहिले.

समाजकल्याण मंत्री (१९३७–४३) म्हणून त्यांनी केलेले काम त्यांच्या पंतप्रधानपदांहून अधिक टिकाऊ ठरले. राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा व प्रसूती साहाय्याचा कायदा १९३७ मध्येच झाला. प्रसूती साहाय्यातून गरीब मातांना बाळाच्या कपड्यालत्त्यांची पेटी मिळू लागली. ही रिकामी पेटीच अनेक घरांत बाळाचे पहिले अंथरूण होई. १९४९ पासून हा लाभ सर्व मातांना खुला झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ ज्यू निर्वासितांना जर्मनीच्या हवाली करण्यात आले, तेव्हा मंत्रिमंडळात राहूनही त्यांनी त्याला विरोध केला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून नोंदवावी लागते. त्या आठांपैकी एकच जण वाचला.

जुलै १९४८ मध्ये, संसदेत २०० पैकी अवघ्या ५४ जागा असताना, त्यांनी साम्यवाद्यांना वगळून अल्पमताचे सरकार बनविले आणि ते मार्च १९५० पर्यंत चालविले. मॉस्कोची नाराजी तेव्हापासूनची. १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निर्वाचकांच्या अंतिम फेरीत उर्हो केक्कोनेन यांना १५१ व फागरहोल्म यांना १४९ मते पडली; एक निर्वाचक जरी फिरला असता, तरी बरोबरी झाली असती. नव्या अध्यक्षांनी त्यांनाच पंतप्रधान नेमले, आणि त्यांनी सूत्रे घेतली ती सार्वत्रिक संप ऐन भरात असताना.

ऑगस्ट १९५८ मधील तिसरे मंत्रिमंडळ संसदेतील भक्कम बहुमतावर उभे होते, पण ते सोव्हिएत संघाला मानवले नाही. मॉस्कोने राजदूत परत बोलावला, व्यापारी वाटाघाटी थांबविल्या, आणि पूर्वेकडील बाजारपेठेवर विसंबलेल्या उद्योगांपुढे बेकारीचे सावट उभे राहिले. ‘रात्रीचे हिव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेचप्रसंगात परराष्ट्रमंत्री योहान्नेस विरोलाइनेन यांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला व जानेवारी १९५९ मध्ये संसदेत एकही पराभव न होता सरकार गेले. बहुमत असूनही शेजाऱ्याच्या मर्जीविना राज्य करता येत नाही, हे त्यातून उघड झाले आणि केक्कोनेन यांचा वरचष्मा वाढला. फागरहोल्म यांच्याकडे संसदेचे सभापतिपद मात्र अनेकदा आले. त्यांचा पक्ष १९६६ पर्यंत सत्तेबाहेर राहिला. तो परतला त्याच वर्षी ते संसदेतून निवृत्त झाले.