नवी अक्षररचना

पहिल्या महायुद्धानंतर मुख्यतः जर्मनी, रशिया आणि नेदरलँड्समध्ये उभी राहिलेली छापील मांडणीची चळवळ. जर्मन नाव ‘डी नॉये टायपोग्राफी’. हंगेरियन चित्रकार लास्लो मोहॉय-नॉज याने 1923 साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनाच्या ग्रंथातील लेखाला हे शीर्षक दिले. पुढे यान चिखोल्ड (1902–1974) याचे त्याच नावाचे पुस्तक 1928 मध्ये बर्लिनला निघाले आणि नाव रूढ झाले.

चळवळीची मुळे छापखान्यात नव्हती, चित्रकलेत होती. रशियातल्या कझिमिर मालेविचच्या सुप्रीमॅटिझम या चित्रशैलीने वस्तूंची चित्रे टाकून देऊन चौकोन, वर्तुळ आणि रिकामी पांढरी जागा एवढ्यावरच चित्र उभे केले. वितेब्स्कच्या कलाशाळेत मालेविचच्या सहवासात आलेल्या एल लिसित्स्कीने हेच आकार भित्तिपत्रकांत आणि पुस्तकांत नेले. रशियन कवी मायाकोव्हस्कीच्या कवितांचे त्याने मांडलेले पुस्तक 1923 मध्ये बर्लिनमध्ये छापले गेले. त्यातली चित्रे रेखाटून ब्लॉक केलेली नाहीत. छापखान्यातल्याच अक्षरांच्या खिळ्यांतून आणि जाड-बारीक पट्ट्यांतून ती जुळवली आहेत. हवी ती कविता पटकन उघडता यावी म्हणून पानांच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांनी खाचा कापल्या आहेत. डच कलावंतांच्या ‘द स्टाइल’ गटाकडून काटकोनाची शिस्त आली, तर यंत्र आणि वेगाच्या भक्त इटालियन भविष्यवाद्यांकडून आणि कलेचे सगळे संकेत झुगारणाऱ्या दादावाद्यांकडून जुनी मांडणी बेधडक मोडण्याची हिंमत.

हे बहुतेक जण चित्रकार किंवा वास्तुकार होते. चिखोल्ड वेगळा. त्याचे वडील लाइपझिगला पाट्या रंगवत, आणि त्याने स्वतः तिथल्याच अकादमीत सुलेखनाचे शिक्षण घेतले होते. 1923 मध्ये वायमारचे बाउहाउस प्रदर्शन पाहून तो हादरला. रशियन क्रांतीच्या भारावलेपणात काही काळ तो ‘इवान’ अशी सहीही करी. 1925 साली एका मुद्रण-नियतकालिकाचा विशेषांक संपादित करून त्याने हे विचार सामान्य कंपोझिटरपर्यंत पोहोचवले. चळवळीतले त्याचे खरे काम हेच, असे म्हणायला हरकत नाही. चित्रकारांच्या घोषणांना त्याने खिळे जुळवणाऱ्याच्या भाषेत नियमांचे रूप दिले.

नियम असे. मजकूर पानाच्या मध्यरेषेवर तोलायचा नाही. महत्त्वाचे काय ते आकार, वजन आणि जागेने दाखवायचे. नक्षी आणि वेलबुट्टी वर्ज्य. अक्षरे टोकांना फाटे नसलेली, म्हणजे सान्स-सेरिफ. चित्राऐवजी शक्यतो छायाचित्र. कागद जर्मन प्रमाणसंस्थेने 1922 मध्ये ठरवलेल्या मापांचा. आज आपल्याकडे घरोघरी असलेला ए-4 त्याच मालिकेतला. बाउहाउसच्या हर्बर्ट बायरने तर रोमन लिपीतली मोठी अक्षरेच काढून टाकण्याचा आग्रह धरला. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने हा वाद आपल्याला गमतीचा वाटेल; पण प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू करणाऱ्या जर्मन भाषेत ते बंड होते. तत्त्व प्रत्यक्षात कसे दिसते ते चिखोल्डने 1927 साली म्युनिकच्या फोबुस-पालास्ट चित्रपटगृहासाठी केलेल्या भित्तिपत्रकांत पाहावे: तिरप्या रेषा, लहान छायाचित्र आणि भरपूर मोकळी जागा.

मार्च 1933 मध्ये नाझींनी चिखोल्डला अटक केली. ‘सांस्कृतिक बोल्शेविक’ हा ठपका होता. काही आठवड्यांनी सुटल्यावर तो कुटुंबासह स्वित्झर्लंडमध्ये बाझलला गेला, आणि तिथे हळूहळू त्याचे मत पालटले. कथा-कादंबरीसारख्या सलग वाचायच्या पुस्तकाला मधोमध मांडणी आणि जुन्या वळणाची अक्षरे शोभतात, असे तो म्हणू लागला. 1946 मध्ये झ्युरिकचा कलावंत-मांडणीकार माक्स बिल याने यावर जाहीर टीका केली. उत्तरात चिखोल्डने लिहिले की नव्या अक्षररचनेचा असहिष्णू हट्ट आणि लष्करी शिस्तीची ओढ जर्मन स्वभावाच्या त्याच अंगातून आली होती, ज्याने हिटलरला सत्तेवर बसवले. ज्या शैलीसाठी नाझींनी त्याला तुरुंगात टाकले, तिच्यावरच त्याने केलेला हा आरोप अतिशयोक्त वाटतो. बिल तर बाउहाउसचा विद्यार्थी होता, पण त्याचा काटेकोरपणा हुकूमशाहीकडे झुकला नाही.

1947 ते 1949 चिखोल्ड लंडनजवळच्या पेंग्विन प्रकाशनात होता. स्वस्त कागदी बांधणीच्या त्या पुस्तकांसाठी त्याने चार पानी जुळणी-नियम लिहिले. शब्दांमधली जागा कमी ठेवा, मोठ्या अक्षरांत अंतर सोडा, परिच्छेदाची सुरुवात आत घ्या, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. त्याच्या देखरेखीखाली पाचशेहून अधिक पुस्तकांची मांडणी झाली. पाने दिसायला पारंपरिक. पण प्रत्येक गोष्ट नियमात बांधायची सवय मात्र 1920 च्या दशकातलीच होती.

बाझल आणि झ्युरिकमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एमिल रुडर, आर्मिन होफमान, योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी चळवळीचा धागा पुढे नेला. जगभर ‘स्विस शैली’ म्हणून ओळखली गेली ती हीच. चिखोल्ड तिच्यापासून दूर राहिला. 1967 मध्ये त्याचा ‘साबोन’ टंक (अक्षरांचा संच) आला, सोळाव्या शतकातल्या फ्रेंच अक्षरकार गारामोंच्या अक्षरांवरून बेतलेला. हातजुळणी आणि लायनोटाइप व मोनोटाइप ही जुळणीयंत्रे, या तिन्ही पद्धतींत तो सारखाच दिसावा अशी जर्मन मुद्रकांची मागणी होती. लायनोटाइपच्या साच्यात सरळ आणि तिरपे अक्षर एकाच रुंदीचे लागते, म्हणून साबोनची तिरपी अक्षरे मुळात जरा ऐसपैस झाली आहेत.