काळ्या पाषाणाखाली, काळ्या पाषाणावर: सागरी शेल आणि तेलाच्या उगमाचा शोध

नाशिक जिल्ह्यात एखाद्या बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला की गावभर चर्चा सुरू होते, तेल लागलं म्हणून. अशा वेळी एक काडी घ्यावी आणि तवंग मोडून बघावा. काचेसारखे तुकडे पडून ते तसेच अलग राहिले, तर ती लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची साय असते. मोडलेला तवंग परत जुळून आला तर मात्र ते तेल, आणि तेही बहुधा मोटारीचं किंवा ग्रीसचं. कारण आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. वितळलेल्या दगडात काही मेलेलं, साठलेलं, मुरलेलं राहत नाही, आणि तेलाला नेमकं तेच लागतं. नाशिकच्या पंपांवरचं पेट्रोल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून, आणि पानेवाडीला मुंबईहून पाइपलाइन येते.

इथवर सगळं सरळ आहे. गंमत पुढे आहे. सापुताऱ्याचा घाट उतरून सुरत ओलांडली की तासा-दीड तासावर अंकलेश्वर लागतं. तिथे १९६० साली तेल सापडलं आणि नेहरूंनी त्या विहिरीला ‘वसुधारा’ नाव दिलं. त्या तेलक्षेत्राचा तळ आपल्याच बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या पाषाणाचा आहे. इथे डोंगर होऊन उभा असलेला खडक खंबातच्या खोऱ्यात खचून खोल गेला, त्यावर समुद्र आला आणि गाळ साठत राहिला. त्या गाळाचाच एक जाड थर म्हणजे ‘कॅम्बे शेल’. कॅम्बे म्हणजे खंबात, आणि शेल म्हणजे चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक. मुंबई हायच्या भागातही तोच प्रकार. खाली ट्रॅप, म्हणजे हाच बेसॉल्ट, त्यावर ‘पन्ना’ नावाचा शेल आणि कोळशाचे पट्टे असलेला थर, आणि या थराकडे त्या भागातल्या तेलाचा मुख्य उगम म्हणून पाहिलं जातं. तेल मात्र साठलं वरच्या चुनखडकात. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाईच्या जहाजाने जे शोधलं ते साठवणीचं ठिकाण होतं. उगम वेगळ्याच खडकात होता.

हा फरक एकदा नीट धरला की पुढचं सगळं सोपं होतं. तेल सापडतं तो खडक आणि तेल तयार होतं तो खडक बहुतेक वेळा निराळे असतात. वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात तर चक्क भेगाळलेल्या बेसॉल्टमधून तेल निघतं. म्हणून बेसॉल्टने ते तयार केलं असं कोणी म्हणत नाही. ते शेजारच्या शेलमधून झिरपत आलेलं आहे. अशा जन्मदात्या खडकाला आपण उगमखडक म्हणू.

उगमखडक बहुधा शेलच का, याचं उत्तर शांत पाण्यात आहे. समुद्रात वर तरंगणारी सूक्ष्म शेवाळं मरून खाली पडतात. त्यांतलं शेकड्यात एकाहूनही कमी कार्बन तळाच्या चिखलात टिकतं, बाकीचं वाटेतच कोणी ना कोणी खातं. तळाशी प्राणवायू संपलेला असला तर खाणारे कमी होतात आणि टिकणारा वाटा वाढतो. काळ्या समुद्रात दोनेकशे मीटरखाली प्राणवायूच नाही. आपल्या कोकण किनाऱ्यासमोर, अरबी समुद्राच्या उतारावरही साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात तो फार कमी असतो, आणि तिथला चिखल सेंद्रिय द्रव्याने चांगला श्रीमंत आहे. असा चिखल दबून घट्ट झाला, पापुद्र्यांनी सुटू लागला, की तो काळा शेल.

पण प्रत्येक काळा शेल तेलाचा बाप नसतो, आणि हे समजायला शंभर वर्षं गेली. सुरुवात स्कॉटलंडमध्ये झाली. जेम्स यंग यांनी १८५० मध्ये कोळशापासून मंद आचेवर पॅराफिन तेल काढण्याचं पेटंट घेतलं आणि त्यातून पुढे तिथल्या शेलपासून तेल काढायचा मोठा धंदा उभा राहिला. शेलमध्ये मोकळं तेल नसतं. तापवल्यावर ज्याचं तेल होतं असं काहीतरी मेणासारखं, कशातही न विरघळणारं द्रव्य असतं. एडिनबरोचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला ‘केरोजेन’ नाव दिलं. म्हणजे कारखान्याच्या भट्टीत माणूस जे करत होता, तेच जमिनीने कोट्यवधी वर्षांत हळूहळू केलं असेल का, हा प्रश्न तिथेच समोर होता. तरी वाद मिटला नव्हता. मेंदेलेयेव यांच्यासारखा दिग्गज रशियन रसायनशास्त्रज्ञ १८७७ मध्ये सांगत होता की खोलवरच्या धातूंच्या कार्बाइडांवर पाणी पडून तेल होतं, त्यात जीवसृष्टीचा संबंध नाही.

तो वाद निकाली काढायला मोठं बळ दिलं ते म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांनी. १९३०च्या दशकात त्यांना खनिज तेलात आणि शेलमध्ये पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले. हा पानांतल्या हरितद्रव्याचाच उरलेला सांगाडा होता, फक्त मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम बसलेलं. शिवाय हे रेणू फार उष्णतेत टिकत नाहीत, म्हणजे तेल पृथ्वीच्या पोटातल्या धगधगत्या भागातून आलेलं नाही, हेही त्यातून निघालं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो. एका रेणूने दोन प्रश्न सोडवले.

त्याच सुमारास अमेरिकेत पार्कर ट्रास्क वेगळ्या मार्गाने निघाले होते. आजच्या समुद्रतळाच्या चिखलात तेल होताना पकडायचं, असा त्यांचा बेत. तेल काही हाती लागलं नाही. पुढे सहकाऱ्याबरोबर त्यांनी तेलक्षेत्रांतले हजारो नमुने तपासले, १९४२ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तरी उगमखडक ओळखायची खात्रीची खूण मिळाली नाही. हे अपयश फार मोलाचं होतं. चिखल पुरेसा नाही, मधे आणखी काही घडावं लागतं, हे त्यातून दिसलं. १९५२ मध्ये पी. व्ही. स्मिथ यांना मेक्सिकोच्या आखातातल्या ताज्या गाळात हायड्रोकार्बन, म्हणजे तेल ज्यांचं बनलेलं असतं ते कार्बन-हायड्रोजनचे रेणू, सापडले तेव्हा अनेकांना वाटलं, कोडं सुटलं. पण ब्रे आणि इव्हान्स यांनी १९६१ मध्ये त्या रेणूंची मोजदाद केली. पानांवरच्या मेणात कार्बनच्या विषम संख्येच्या साखळ्या, म्हणजे २७, २९, ३१ अशा, सम संख्येच्या साखळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. ताज्या गाळातही तेच दिसलं. तेलात मात्र विषम आणि सम जवळजवळ सारख्याच. म्हणजे गाळातला माल अजून कच्चा होता.

मग शिजतो कुठे? फिलिपी यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांतल्या विहिरींत दाखवलं की गाळ बराच खोल जाऊन तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच तिथे खरं तेल तयार होतं. फ्रान्समध्ये बर्नार टिसो आणि सहकाऱ्यांनी पॅरिसच्या खोऱ्यातला एकच ज्युरासिक सागरी शेल घेतला. तो कडेला उथळ आहे आणि मध्यभागी खोल पुरला गेलेला. एकच खडक, एकच काळ, फक्त आच वेगळी. खोली वाढत गेली तसं तेलाचं प्रमाण वाढत गेलं. १९७० च्या दशकात या मंडळींनी केरोजेनचे तीन मुख्य प्रकारही पाडले. तळ्यातल्या शेवाळांचा पहिला, सागरी तरंगत्या जिवांचा दुसरा, जमिनीवरच्या झाडापानांचा तिसरा. हायड्रोजन पहिल्यात सर्वांत जास्त आणि तिसऱ्यात सर्वांत कमी. सागरी शेलचं कौतुक होतं ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारामुळे. उत्तर समुद्राखालचा किमेरिज क्ले, सौदी अरेबियातले ज्युरासिक थर, हे त्याच जातीचे. झाडपाल्याचा तिसरा प्रकार सहसा तेलाऐवजी वायू देतो.

यानंतर मोजणी सोपी झाली. १९७७ मध्ये एस्पितालिए यांनी ‘रॉक-इव्हल’ नावाचं यंत्र मांडलं. सुमारे शंभर मिलिग्रॅम खडकाची पूड निष्क्रिय वायूत तापवायची. तीनशे अंशांच्या आसपास आधीच तयार असलेलं मोकळं तेल उडतं. मग तापमान सहाशेच्या दिशेने चढवत नेलं की केरोजेन फुटून नवं हायड्रोकार्बन निघतं, आणि ते सर्वांत जास्त कोणत्या तापमानाला निघालं यावरून खडक किती मुरलाय ते कळतं. साधारण ४३५ अंशांच्या पुढे तेलाची अवस्था सुरू झाली असं धरतात. यासोबत एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात. अर्ध्या टक्क्याखाली तर शेलकडे सहसा बघत नाहीत, दोन टक्क्यांवर तो फार चांगला. आपल्याकडे देहरादूनला ओएनजीसीची संशोधनसंस्था १९६२ पासून आहे, आणि कॅम्बे शेलपासून कृष्णा-गोदावरीपर्यंतच्या थरांचा असा हिशेब तिथे होत आला आहे.

आकडे फसवतातही. रस्त्याकडेच्या कापातून उचललेला नमुना पाऊस-वाऱ्याने झिजून त्यातलं बरंचसं सेंद्रिय द्रव्य गेलेलं असतं. चांगला खडक मग नापास होतो. विहिरीत ओतलेल्या ड्रिलिंगच्या चिखलातलं तेल नमुन्यात शिरलं तर वाईट खडक पास होतो. आणि सर्वांत मोठी फसगत म्हणजे आपलं काम करून बसलेला शेल. तेल-वायू देऊन मोकळा झालेला खडक प्रयोगशाळेत गरीबच दिसतो. घमेल्याच्या तळाशी चार शिते उरली म्हणून आत भात शिजलाच नव्हता असं म्हणता येत नाही. टेक्सासच्या बार्नेट शेलबाबत हा मागचा हिशेब, म्हणजे आधी किती तेल-वायू निघून गेला याचा, नीट मांडावा लागला. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून चिकाटी धरून १९९०च्या दशकाअखेर त्याच शेलमधून थेट वायू काढून दाखवला होता. उगमखडकच साठवणीचा खडक झाला. आपल्याकडे जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून वायू निघाला, पण तो दामोदर खोऱ्यातला थर सागरी नाही. २०१३ मध्ये सरकारने शेलवायूचं धोरण आणलं. व्यापारी उत्पादनापर्यंत मात्र मजल गेली नाही.

आता परत नाशिक. लाव्ह्याच्या खाली काय, हा प्रश्न उरतोच. मध्य प्रदेशात बाघ इथे नर्मदेकाठी क्रेटेशस काळातले सागरी थर उघडे आहेत. म्हणजे लाव्ह्यापूर्वी समुद्राचा एक हात आत आला होता. १९८०च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या खोल भूकंपलहरींच्या चाचण्यांत नर्मदा-तापी पट्ट्यात ट्रॅपखाली गाळाचे खडक असल्याच्या खुणा मिळाल्या. पण ही पट्टी आपल्या उत्तरेला. दक्षिणेला कोयनेत नऊशेहून जास्त मीटर बेसॉल्ट छेदल्यावर थेट ग्रॅनाइट लागला, मधे शेल नाहीच. शिवाय बेसॉल्टचे थर लहरी विखरून टाकतात, त्यामुळे खालचं चित्र धूसर येतं. आणि समजा शेल आहेच, तरी धुळे-नंदुरबारकडे लाव्ह्याच्या भिंतींचे, म्हणजे डाइकांचे, थवे किती दाट आहेत ते कुणीही रस्त्याने जाताना बघू शकतो. प्रत्येक भिंत आपल्या आजूबाजूचा खडक भाजून काढते. तिथला उगमखडक जळून गेला की नीट शिजला, हे नमुना हातात आल्याशिवाय कळणार नाही.

नाशिकचा या विषयाशी दुसरा धागा पूर्वेकडे जातो, गोदावरीच्या पाण्यातून. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगवून १,४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिथल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला राघवपुरम शेल हा नावाजलेला सागरी उगमखडक. त्याचं श्रेय मात्र आपल्या नदीला देता येत नाही. तो क्रेटेशस काळातला आहे, ट्रॅपच्याही आधीचा. तेव्हा ब्रह्मगिरीच नव्हता. आणि सागरी असूनही त्यात झाडपाल्याचा वाटा बराच आहे, म्हणून केवळ ‘सागरी’ या शिक्क्यावर भुलू नये. आपला गाळ त्याच्या वरच्या, कोवळ्या थरांत आहे. २००६ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्युशन’ जहाजाने तिथे समुद्रतळ खोदला तेव्हा सुमारे सव्वाशे मीटर जाडीच्या गाळात मिथेनचे बर्फासारखे स्फटिक मिळाले. तो मिथेन जिवाणूंनी केलेला, आच न लागलेला. त्याच भागातल्या गाळाच्या एका गाभ्यातल्या, म्हणजे नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यातल्या, पानांच्या मेणावरून मध्य भारत गेल्या चारेक हजार वर्षांत कसा कोरडा होत गेला ते २०१२ मध्ये मांडलं गेलं.

आता मात्र हा गाळ पुढे फारसा जातच नाही. गंगापूर धरण थोडा अडवतं, नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा तर इतका भरला की तिथे पाणथळ झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव जाहीर झालं. उरलेला जायकवाडीत बसतो. नांदूरच्या काठाला चिखलात काठी खुपसली की खालून बुडबुडे येतात. तो मिथेनच. शेवाळ, कुजकी पानं आणि प्राणवायू नसलेला काळा चिखल, एवढंच साहित्य तिथे आहे. दोन-तीन किलोमीटर गाळाचं ओझं आणि काही कोटी वर्षं तेवढी कमी.