जागतिक २० वर्षांखालील अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांची भालाफेक

जागतिक २० वर्षांखालील अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील एक क्रीडाप्रकार. ही स्पर्धा १९८६ साली अथेन्समध्ये सुरू झाली. साधारणपणे दर दोन वर्षांनी भरणारी ही स्पर्धा आधी ‘जागतिक कनिष्ठ स्पर्धा’ या नावाने ओळखली जात असे आणि मराठी वृत्तपत्रांत ते नाव आजही आढळते. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला ज्यांचे वय १६ ते १९ असेल, त्यांनाच यात उतरता येते.

इतर फेकींहून भालाफेक एका बाबतीत निराळी आहे. या वयोगटातील मुलांना गोळा आणि हातोडा ७.२६ किलोऐवजी ६ किलोचा, तर थाळी २ किलोऐवजी १.७५ किलोची मिळते. भाला मात्र प्रौढांचाच असतो: वजन किमान ८०० ग्रॅम, लांबी २.६० ते २.७० मीटर. ७०० ग्रॅमचा हलका भाला १८ वर्षांखालील मुलांपुरताच आहे. त्यामुळे कनिष्ठ गटातील फेक थेट ऑलिंपिकमधील फेकीशेजारी ठेवून पाहता येते. या प्रकाराचे खरे महत्त्व यातच आहे.

नियमही प्रौढांचेच. धावपट्टी ४ मीटर रुंद असते आणि ती ८ मीटर त्रिज्येच्या कमानीपाशी संपते. कमानीच्या रेषेला पाय लागला की फेक बाद. भाल्याचा धातूचा फाळ जमिनीला आधी टेकला पाहिजे. पण तो रुतलाच पाहिजे असे नाही. अंतिम फेरीत सहसा प्रत्येकाला तीन फेकी मिळतात आणि पहिल्या आठ जणांना आणखी तीन.

स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी पुरुषांच्या भाल्याची घडण बदलली. पूर्व जर्मनीच्या ऊवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर फेक केल्यावर मैदाने अपुरी पडण्याची भीती निर्माण झाली. शिवाय भाला टोकावर पडला की सपाट, यावरूनही वाद होत. म्हणून भाल्याचा गुरुत्वमध्य (वजनाचा तोल साधणारा बिंदू) ४ सेंटीमीटर पुढे सरकवण्यात आला आणि भाला लवकर खाली झुकू लागला. परिणामी या स्पर्धेतील सगळे अंक नव्या भाल्याचेच आहेत आणि त्यांची आपसात तुलना करताना जुन्या-नव्याची अडचण येत नाही.

कनिष्ठ विजेता प्रौढांत लगेच चमकेल असे सहसा घडत नाही. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या केशॉर्न वॉलकॉटने मात्र ते करून दाखवले. जुलै २०१२ मध्ये बार्सिलोनात त्याने ७८.६४ मीटरवर कनिष्ठ सुवर्ण जिंकले आणि पुढच्याच महिन्यात लंडन ऑलिंपिकमध्ये ८४.५८ मीटर फेकून तो ऑलिंपिक विजेता झाला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

भारतीय वाचकांच्या मनात ही स्पर्धा कोरली गेली ती २०१६ मध्ये. यजमानपद आधी रशियातील कझानकडे होते. रशियन महासंघ निलंबित झाल्यावर ते पोलंडमधील बिदगोश्च शहराकडे आले. तेथे २३ जुलैला हरियाणातील खंडरा गावच्या नीरज चोप्राने दुसऱ्या फेकीत ८६.४८ मीटर अंतर गाठले. लॅटव्हियाच्या झिगिस्मुंड्स सिरमाईसचा २०११ मधील ८४.६९ मीटरचा २० वर्षांखालील जागतिक विक्रम १.७९ मीटरने मागे पडला. दक्षिण आफ्रिकेच्या योहान ग्रोब्लरला ८०.५९ मीटरवर रौप्य आणि ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सला ७९.६५ मीटरवर कांस्य मिळाले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जवळजवळ सहा मीटरचे अंतर म्हणजे एकतर्फी वर्चस्वच. तोवर या स्पर्धेतील भारताची पदके म्हणजे सीमा अंतिल (२००२) आणि नवजीत कौर धिल्लन (२०१४) यांची थाळीफेकीतील दोन कांस्ये. अ‍ॅथलेटिक्समध्ये कोणत्याही वयोगटात जागतिक विजेता ठरलेला नीरज हा पहिला भारतीय. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट त्याचे प्रशिक्षक होते.

या यशाला एक बोचरी किनारही आहे. रिओ ऑलिंपिकची पात्रता ८३ मीटर होती आणि तिची मुदत ११ जुलैलाच संपली होती. बारा दिवसांच्या फरकाने नीरजची संधी हुकली. रिओत वॉलकॉटला कांस्य मिळाले ते ८५.३८ मीटरवर. भाला एकच असल्यामुळे ही तुलना पोकळ ठरत नाही. भारताच्या हातून तेव्हा काय निसटले, हे ती नेमके सांगते.

पुढे नीरज सैन्यात नायब सुभेदार म्हणून दाखल झाला आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही त्याने सराव केला. टोकियोतील सुवर्णानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्या संस्थेच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. त्याचा कनिष्ठ विक्रम २०२५ पर्यंत तरी कोणी मोडलेला नव्हता.

बिदगोश्चच्या पात्रता फेरीत पाकिस्तानचा अर्शद नदीमही होता; त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. आठ वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, नदीमने ९२.९७ मीटरवर सुवर्ण, नीरजने ८९.४५ मीटरवर रौप्य आणि पीटर्सने ८८.५४ मीटरवर कांस्य जिंकले. पॅरिसच्या विजयमंचावरचे तिघेही बिदगोश्चच्या त्या कनिष्ठ स्पर्धेत भाला फेकून गेलेले होते.