‘दररोज’ या एका शब्दाची पार्श्वभूमी

ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्याने स्वतःला नाकारावं, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावं, हे येशूचं वचन त्याचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात (९:२३) मात्र एक शब्द जास्त आहे: ‘दररोज’. बाकीच्या दोघांकडे तो नाही. ख्रिस्ती शिष्यत्वाचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा याच शब्दापाशी येऊन थांबतो.

आज वधस्तंभ गळ्यातल्या साखळीत असतो. ज्यांनी हे वचन पहिल्यांदा ऐकलं त्यांच्या डोळ्यांसमोर रोमन शिक्षा उभी राहिली असणार. अपराध्याने स्वतःच आडवं लाकूड खांद्यावर घेऊन वधाच्या जागेपर्यंत चालायचं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघत असताना. त्या वाटेने गेलेला माणूस परत येत नसे. असली वाट ‘दररोज’ चालायची म्हणजे काय, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दोन वाटांची भाषा त्याहून जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात जीवन आणि मरण समोर ठेवून ‘निवड’ म्हटलं आहे. पहिलं स्तोत्रही नीतिमानांचा आणि दुर्जनांचा मार्ग वेगळा काढतं. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात तिला अरुंद आणि रुंद दरवाजाचं रूप दिलं. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर विश्वासणाऱ्यांना ‘त्या मार्गाचे’ लोक म्हटलं आहे; ‘ख्रिस्ती’ हे नाव त्यांना पुढे अंत्युखिया शहरात मिळालं. ‘दिदाखे’ ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवणपुस्तिका शतकानुशतके हरवली होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिचं हस्तलिखित सापडलं, आणि तिची सुरुवातच अशी निघाली की मार्ग दोन आहेत, एक जीवनाचा आणि एक मरणाचा.

सोपी वाट म्हणजे उघड पाप, असं आपण सहज समजून चालतो. तिसऱ्या शतकात ती एका कागदाच्या रूपात आली. रोमन सम्राट देकियसने साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बलिदान करावं असं फर्मान काढलं, आणि २५० साली ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांसमोर रांगा लागल्या. बलिदान करायचं, प्रसाद चाखायचा, दाखल्यावर सही घ्यायची, घरी जायचं. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरसचे दाखले सापडले आहेत. एकावर ७२ वर्षांच्या माणसाचं वर्णन आहे, ओळख पटावी म्हणून उजव्या भुवईवरचा व्रणही टिपला आहे. खाली मजकूर की मी नेहमीच देवांना बलिदान करत आलो आणि आत्ताही तुमच्यासमोर केलं. हा माणूस ख्रिस्ती असेलच असं नाही, दाखला इतरांनाही घ्यावा लागे. पण ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी बलिदान केलं, आणि काहींनी बलिदान न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. मला या दुसऱ्या गटाचा विचार जास्त सतावतो. त्यांनी मूर्तीसमोर धूप जाळला नव्हता, मनात विश्वासही असेल. फक्त एका कागदाने त्रास टळत होता.

छळ ओसरल्यावर यांचं काय करायचं, यावरून मंडळीत मोठी फूट पडली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि पत्रांतून मंडळी सांभाळत होता. त्यावरून त्याला बोलणीही खावी लागली. २५१ च्या सभेत त्याने आणि इतर बिशपांनी पतितांसाठी पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवली, पण ती स्वस्त केली नाही. २५७ साली पुन्हा छळ आला तेव्हा सिप्रियन पळाला नाही. २५८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. एकदा लपलेला माणूस आठ वर्षांनी उभा राहिला, हे मला त्याच्या कुठल्याही लेखाइतकंच बोलकं वाटतं.

३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात धर्मस्वातंत्र्य मिळालं, आणि ३८० मध्ये ख्रिस्ती विश्वास साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. आता चर्चमध्ये जाणं हीच रुळलेली, फायद्याची वाट झाली. गर्दीचा रस्ता आणि अरुंद वाट एकाच दरवाजातून जाऊ लागली. त्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात संन्यस्तांची संख्या वाढत गेली. त्यांच्यातला अंतोनी त्याआधीच, २७० च्या सुमारास, ‘तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे’ हे वचन उपासनेत ऐकून निघाला होता. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्यातली एक ओळ मला फार आवडते: मठाच्या कोठाराची जबाबदारी असलेल्याने मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळावीत. ‘दररोज’चा अर्थ इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितला असेल.

पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला. पूर्ण समर्पण मठातल्यांसाठी, बाकीच्यांनी आज्ञा पाळल्या की पुरे. मार्टिन लूथरने यावरच बोट ठेवलं. १५१७ च्या त्याच्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. पुढे त्याने मोलकरीण, चांभार, आई यांच्या कामालाही देवाचं पाचारण म्हटलं. ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा जाणतेपणीच घ्यावा असं मानणारे लोक, त्याहून पुढे गेले आणि छळले गेले. त्यांच्यातला डर्क विलेम्स १५६९ मध्ये नेदरलँड्समध्ये कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. मागे लागलेला माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे वळला, त्याने त्याला बाहेर काढलं, आणि तिथेच पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं. मागे वळायचा तो निर्णय त्या क्षणी झाला असं मला वाटत नाही. त्याआधीच्या साध्या दिवसांत तो कितीतरी वेळा होऊन गेला असणार.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने या रोजच्या निवडीला एक घडी घालून दिली. १७४२ साली ब्रिस्टलमधल्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर सदस्याकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं, त्यासाठी बारा-बारा जणांचे गट पाडले. पैसे मागायला घरोघरी जाताना माणसांच्या जगण्याची विचारपूस होऊ लागली, आणि त्यातून मेथडिस्टांचे ‘वर्ग’ उभे राहिले. तरुणपणी ऑक्सफर्डला त्याचं वर्षाचं उत्पन्न ३० पौंड होतं, त्यातल्या २८ मध्ये तो भागवत असे. उत्पन्न ६० झालं, पुढे आणखी वाढलं. खर्च २८ वरच राहिला, बाकीचं दान.

विसाव्या शतकात हा प्रश्न सर्वांत टोकदारपणे मांडला तो जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर याने. १९३७ च्या त्याच्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ हा शब्द आहे: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा. नाझी राजवटीशी जुळवून घेतलेल्या चर्चच्या काळात लिहिलेले ते शब्द होते. जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता, मित्रांनी तिथे कामाची सोयही केली होती. महिनाभरातच तो स्वतःहून जर्मनीला परतायला निघाला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्याने फिंकेनवाल्डे इथे चालवलेल्या पाळक-प्रशिक्षणाच्या घरातला एक नियम त्याहून जवळचा वाटतो. एखादा भाऊ समोर नसताना त्याच्याविषयी बोलायचं नाही. बोललंच गेलं, तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. नियम सारखा मोडायचा. मग कबुली द्यायची, आणि पुन्हा पाळायला घ्यायचा. तिथल्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहून ठेवलं आहे की प्रवचनांतून आणि शास्त्राभ्यासातून जितकं शिकलो, जवळजवळ तितकंच या मोडण्यातून आणि पुन्हा धरण्यातून शिकलो. १९३७ च्या शरद ऋतूत गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते घर बंद केलं.