कॅप्टन फ्लिंटच्या पोपटाचा गोवा

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट दिवाडीच्या फेरीधक्क्यावर उतरतो. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून शहरात शिरायचा. १७२१ च्या आरंभी एक व्हाइसरॉय आपली कारकीर्द संपवून गोव्याहून मायदेशी निघाला. वाटेत त्याचं जे झालं त्याची आठवण पुढे जगभर पसरवली ती एका पोपटाने, आणि तोही गोष्टीतल्या.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा आचारी जहाजाच्या भटारखान्यात एक पिंजरा ठेवतो. आतल्या पोपटाला त्याने आपल्या जुन्या कप्तानाचं नाव दिलंय: कॅप्टन फ्लिंट. साखरेचा खडा देत देत तो जिम या गोष्ट सांगणाऱ्या पोराला या पक्ष्याचा प्रवास ऐकवतो. मादागास्कर झालं, मलबार झालं, पोर्तोबेलो झालं, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाचे चढले तेव्हाही हा पोपट हजर होता म्हणे. आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट शाळेच्या वयात संक्षिप्त रूपात वाचलेली असते, आणि संक्षेप करणाऱ्याची कात्री पहिल्यांदा चालते ती अशाच ओळींवर.

ज्याचं नाव पोपटाला दिलं, तो फ्लिंट कादंबरीत एकदाही समोर येत नाही. गोष्ट सुरू होण्याआधीच तो सव्हाना बंदरात रम पिऊन मेलेला आहे. तरी पानोपानी दरारा त्याचाच. त्याच्यापुढे ब्लॅकबिअर्ड म्हणजे पोरसवदा, असं गावचा जमीनदार सांगतो. सर्वांत अंगावर येतं ते बेन गन या त्याच्या जुन्या खलाशाने सांगितलेलं. फ्लिंट सहा धडधाकट खलाशी घेऊन खजिना पुरायला बेटावर उतरला. आठवडाभर त्याचं ‘वॉलरस’ जहाज बाहेर घिरट्या घालत राहिलं. मग एका सकाळी छोट्या होडीतून तो एकटाच परतला, डोक्याला निळा रुमाल बांधलेला, चेहरा पांढराफटक. सहाही जण मेले होते, आणि एकट्याने ते कसं केलं ते जहाजावर कुणालाच कळलं नाही. त्यातल्याच एकाचा सांगाडा पुढे बेटावर सापडतो, खजिन्याची दिशा दाखवत आडवा पसरलेला. माणसाचा होकायंत्राचा काटा करणारा हा कप्तान स्टीव्हन्सनने प्रत्यक्ष रंगमंचावर आणला असता तर इतका टिकला नसता, असं मला वाटतं.

१८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला पाऊस थांबेना, म्हणून स्टीव्हन्सनने सावत्र मुलाबरोबर बसून एका बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली. आधी ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, मग १८८३ मध्ये पुस्तक झालं. चाच्यांबद्दलचा तपशील मात्र हवेतला नव्हता. १७२४ साली लंडनमध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने छापलेला चाच्यांच्या चरित्रांचा जाडजूड ग्रंथ त्याच्या हाताशी होता, आणि गोव्याचा व्हाइसरॉय त्यात आहे.

हा व्हाइसरॉय म्हणजे एरिसैराचा काउंट, लुईश द मेनेझिश. १७१७ ते १७२० अशी त्याची गोव्यातली कारकीर्द. त्याचं जहाज ‘नोसा सेन्योरा दो काबो’. हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, बऱ्याच तोफा समुद्रात लोटाव्या लागल्या, आणि जहाज कसंबसं बूर्बाँ बेटाला, म्हणजे आजच्या रेयुनियाँला लागलं. दुरुस्ती चालू असतानाच एप्रिल १७२१ मध्ये ओलिव्हिए लव्हासर आणि जॉन टेलर हे दोन चाचे तिथं येऊन धडकले. बऱ्याच तोफा गमावलेलं जहाज किती लढणार? काउंट पकडला गेला, खंडणी भरल्यावर सुटला. सिल्व्हरच्या बोलण्यावरून वाटतं की हे सगळं गोव्याच्या आग्वाद किल्ल्यासमोर घडलं. घडलं ते गोव्यापासून हजारो मैल दूर.

लुटीत सर्वांत मोठा ऐवज होता हिऱ्यांचा. जॉन्सन त्यांची किंमत तीस ते चाळीस लाख डॉलर सांगतो. डॉलर म्हणजे तेव्हाचं आठ रियालांचं स्पॅनिश चांदीचं नाणं, पोपट ज्याच्या नावाने कर्कश ओरडत असतो तेच. वाटणीत प्रत्येकाला बेचाळीस लहान हिरे मिळाले. एकाच्या वाट्याला मात्र त्या बदल्यात एकच मोठा हिरा आला. गडी नाराज. त्याने तो खलबत्त्यात घातला, कुटला, आणि आता माझे त्रेचाळीस झाले, तुमच्यापेक्षा एक जास्त, असं शपथेवर सांगत सुटला.

पोपटाचा हिशेबही गमतीदार आहे. सिल्व्हर म्हणतो, हा आधी कॅप्टन इंग्लंडच्या जहाजावर होता. एडवर्ड इंग्लंड हा खरा चाचा. १७२० मध्ये कोमोरो बेटांपाशी त्याने ‘कॅसांड्रा’ हे इंग्रजी जहाज जिंकलं आणि त्याचा कप्तान मॅक्रे याला जिवंत सोडलं. ती दया सहकाऱ्यांना रुचली नाही. त्यांनी इंग्लंडला मॉरिशसवर उतरवून दिलं आणि सूत्रं टेलरकडे गेली. ‘कॅसांड्रा’ मग मलबार किनाऱ्यावर आलं, व्हाइसरॉयला लुटायला गेलं, मादागास्करला थांबलं, आणि शेवटी टेलरने ते पोर्तोबेलोला स्पॅनिशांच्या हवाली करून माफी मिळवली. म्हणजे पोपटाची बरीचशी ठिकाणं एका खऱ्याखुऱ्या जहाजाची आहेत. सोडून दिलेला मॅक्रे पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्या बाजूने चाच्यांमधला जो गलमिशीवाला उभा राहिला होता, त्याचा एक पाय लाकडी होता.

त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर ‘चाचा’ हा शब्द पोर्तुगीज आणि इंग्रज दोघेही कान्होजी आंग्र्यांना लावत होते. पोर्तुगीजांचं कार्ताज, म्हणजे सागरी परवाना, नसलेलं जहाज पोर्तुगीजांनी धरलं तर तो कायदा, आणि आंग्र्यांचं दस्तक नसलेलं जहाज आंग्र्यांनी धरलं तर ती चाचेगिरी! १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीज आणि इंग्रजांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली, ती फसली. पण तो वेगळा विषय.

कादंबरीच्या शेवटी फ्लिंटचा खजिना गुहेत सापडतो आणि पोरगा नाणी वेगळी करत बसतो. सोन्याची पोर्तुगीज मोइदोर ओळखता येतात. काही पौर्वात्य नाणी मात्र त्याला कळत नाहीत: काही गोल, काही चौकोनी, वर दोऱ्यांचे तुकडे किंवा कोळ्याचं जाळं असावं तशा खुणा. आपल्यासारख्याला यात जाळं कुठं दिसणार? ती लिपी आहे. फारसी असेल, नागरी असेल, ज्या टांकसाळीची असेल तिची.

फ्लिंटचं पुढे बरंच झालं. ‘पीटर पॅन’मध्ये बॅरीने असा एक खलाशी आणला, ज्याने ‘वॉलरस’वर फ्लिंटकडून सहा डझन फटके खाल्ल्यावरच मोइदोरांची पिशवी सोडली. २०१४ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘ब्लॅक सेल्स’ मालिकेने त्याला अखेर पडद्यावर तरुण आणि जिवंत केलं, आणि रागाला कारणही दिलं. खांद्यावरचा पोपट, पुरलेला खजिना, नकाशावरची फुली ही सगळी सामग्री त्याच एका कादंबरीने घरोघर पोचवली. कळंगुटच्या दुकानांत कवटीचे रुमाल लटकतात, कार्निव्हलच्या चित्ररथावर एखादा काळ्या पट्टीचा कप्तान हात हलवत जातो, तो याच घराण्यातला.

लव्हासरला १७३० मध्ये रेयुनियाँवर फाशी दिली. चढता चढता त्याने गर्दीत एक सांकेतिक मजकूर भिरकावला, अशी दंतकथा आहे. तिच्या भरवशावर १९४९ पासून एका इंग्रजाने सेशेल्समध्ये मरेपर्यंत खोदकाम केलं. मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटापाशी सापडलेले बुडीत अवशेष ‘नोसा सेन्योरा दो काबो’चेच आहेत, असा दावा २०२५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी केला. वर काढलेल्या वस्तूंत हस्तिदंती धार्मिक मूर्ती आहेत, आणि त्या गोव्यात घडवलेल्या असाव्यात असं ते म्हणतात. तशाच घडणीच्या मूर्ती सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या आहेत. कमानीपासून थोडी चढण चढून गेलं की लागतं.